आठ बोटांचा ब्रेकर

गाडीच्या पोटाखाली मी पहिल्यांदा पाहिलं ते रस्त्यावर आडवी पडून. दुपारची वेळ होती. थंडीचे दिवस, पण डांबर उन्हानं कोमट झालेलं, अंगाखाली गोधडी घातल्यासारखं वाटत होतं. एक गाल रस्त्याला लावला होता, दुसऱ्या गालावरून वारा जात होता. समोर ते पोट. काळं, सपाट. त्याच्या पलीकडे, चाकांच्या मधून, वालाचं शेत दिसत होतं, शेतामागं डोंगर, डोंगरावर एक पांढरा ढग, आणि हे सगळं त्या एवढ्याशा फटीत मावलं होतं. मी तिथं जरा जास्तच वेळ पडून राहिले.

मुलगा वरून म्हणाला, "आई, मोजतेस का झोपलीस?"

मोजत होते. पण झोपही आल्यासारखी झाली होती, खोटं कशाला सांगू.

गाडी शेठची. शेठ मुंबईचा. खालापूरहून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि गावाच्या पुढं, कर्जतच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी शेठचा बंगला आहे. शनिवारी सकाळी यायचं, रविवारी संध्याकाळी जायचं. गाडी लाल, दोनच माणसं बसतील अशी, आणि इतकी बुटकी की आमच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला तिचा टप वरून दिसतो. शेठचे केस पांढरे झाल्यावर, ह्या दिवाळीला त्यानं ती घेतली, आधीची उंच होती. तरुणपणापासून हवी होती म्हणे. असेल.

माझा मुलगा त्या बंगल्यावर राखणीला आहे. गेटजवळच्या दोन खोल्यांत तो आणि सून राहतात. त्याआधी मोहोपाड्याला एका कारखान्यात आठ वर्षं होता, रसायनाची पिंपं धुवायच्या कामावर. ते काम सोडून आला तेव्हा त्याला आडवं झोपता येत नव्हतं. भिंतीला पाठ लावून, मान छातीवर टाकून बसल्या बसल्या झोपायचा. डॉक्टर म्हणाला, हवा बदला. हवा काय दुकानात मिळते? पण बंगल्याचं काम मिळालं आणि हवा बदलली. तिसऱ्या वर्षी तो उताणा झोपायला लागला. सून ते सांगायला दोन किलोमीटर चालत माझ्याकडं आली होती. बंगला गेला तर ह्याला परत पिंपांकडंच जावं लागणार, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि त्याला आमच्या दोघींपेक्षा जास्त माहीत होतं.

आणि बंगला जायची पाळी आली ती माझ्या हातानं. ते कसं, ते सांगते.

मी चौथी शिकले. पुढची शाळा नदीपलीकडं होती आणि पूल नव्हता. पूल झाला तेव्हा मी त्याच्याच रस्त्यावर खडी टाकत होते. बावीस वर्षं मी रोडच्या गँगमध्ये रोजंदारीवर होते. खालापूर, कर्जत आणि मधले सगळे फाटे. मुरूम, खडी, डांबर. रोलरवाल्याला त्याच्या चाकापुढचं दिसत नसे. म्हणून एक बाई रोलरच्या पुढं उलटी चालायची आणि हातानं खुणा करायची. ती बाई मी. एप्रिलच्या उन्हात गरम डांबराचा वास, रोलरचा एकसुरी आवाज, आणि मी मागं मागं चाललेली. रस्ता माझ्या पायांखालून निघून समोर पसरायचा. झाडं माझ्या दोन्ही बाजूंनी पुढं येऊन लांब लांब जायची. दोन-दोन तास असं चाललं की आपण चालतोय का जमीन चालतेय ते कळत नसे. मुकादम ओरडायचा तेव्हा कळायचं.

त्या बावीस वर्षांत मी सरकारी ब्रेकरही पुष्कळ घातले. ते लांबट उताराचे असतात. गाडी चढते, उतरते, आतल्या माणसाचं पोट हलतं एवढंच. पण आमच्या आळीसमोर मी जो बांधला तो तसा नाही.

आमच्या रस्त्यानं खाणीचे डंपर जातात. तीन वर्षांपूर्वी एका डंपरच्या आरशानं माझ्या जावेच्या डोक्यावरचा हंडा उडवला. माझी जाऊ म्हणजे धाकट्या दिराची बायको. तिचं घर आणि माझं घर एकाच भिंतीचं. हंडा चेपला, जाऊ वाचली. दोन दिवस ती काही बोलली नाही, आणि असं तिच्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ब्रेकर बांधला. बुद्धविहाराच्या ओट्याचं सिमेंट उरलं होतं, डबर पडलेलं होतं. मला गाडी चढायला-उतरायला नको होती. मला डंपर थांबायला हवा होता. म्हणून मी तो मुद्दाम उभा केला. आठ बोटं उंच, दोन्हीकडून सुरीनं कापल्यासारखा. कोणाला विचारलं नाही. डंपर थांबायला लागले. जाऊ बोलायला लागली.

दिवाळीनंतर एका शनिवारी सकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. लाल गाडी आली, ब्रेकरवर चढली, आणि दगडावर नारळ आपटल्यासारखा आवाज झाला. गाडी थोडी पुढं गेली आणि उभी राहिली. तिच्यामागं रस्त्यावर तेलाची एक बारीक रेघ, वाकडीतिकडी. मी उठून जवळ गेले. त्या काळ्या रेघेत आकाश दिसत होतं. वरून एक घार गेली ती मला खाली तेलात दिसली.

शेठ उतरला, वाकला, परत उभा राहिला. "हा कोणी बांधला?"

मी म्हटलं, "मी."

"आजी, तुम्ही?"

"मी आणि ही."

"माजं नाव कशाला घेतेस गं?" जाऊ म्हणाली. "मी नुसतं पाणी घातलं."

तेवढ्यात मुलगा बंगल्याकडून धावत आला. धावायचं त्याला बंद आहे. गाडीच्या टपाला हात टेकून तो इतका खोकला की शेठच त्याला पाणी द्यायला लागला.

गाडी टेंपोवर चढवून शिळफाट्याला नेली. तिथल्या मिस्त्रीनं खाली जाऊन पाहिलं आणि सांगितलं, चेंबर फुटलं. इंजिनाच्या बुडाशी तेलाची परात असते, तिला ते लोक चेंबर म्हणतात. ह्या गाडीचं ॲल्युमिनियमचं. लोखंडाचं असतं तर चेपून भागलं असतं, हे तडकतं. आणि तेल गेल्यावर गाडी तशीच चालवली तर इंजिनच जातं. शेठनं वेळेवर थांबवली म्हणून बरं. नवीन चेंबर यायला तीन आठवडे गेले.

शेठ मुलाला म्हणाला, "परत असं झालं तर मला इथे यायचं नाही. बंगला घ्यायला लोक मागे लागलेत, देऊन टाकतो." रागानं म्हणाला असता तर मुलानं मनावर घेतलं नसतं. शांतपणे म्हणाला, म्हणून तो घाबरला.

मिस्त्रीनं चेंबरखाली लोखंडी पत्रा बसवून दिला. दगड लागला, रस्ता लागला तरी पत्र्याला लागावा, चेंबरला नको. चांगलं काम केलं होतं. इंजिनाला वारा लागावा म्हणून पत्र्याला खाचा पाडल्या होत्या, आणि तेल बदलायच्या नटाखाली वाटीएवढं भोक ठेवलं होतं, म्हणजे दर वेळी अख्खा पत्रा सोडायला नको. गाडी घेऊन मुलगा एकटाच शिळफाट्याहून आला. ब्रेकरच्या अलीकडं थांबला आणि मला हाक मारली. मोठा खूश होता.

मी म्हटलं, "पत्रा बसवलास, त्याला जागा कुठनं आणलीस?"

"म्हंजे?"

"जाड चप्पल घातली की उंबऱ्याला पाय लागतो का नाय? खालची जागा कमी झाली असंल."

ते त्यानं मोजलं नव्हतं. म्हणून मी रस्त्यावर आडवी झाले आणि पोटाखाली हात घातला. पत्र्यापासून रस्त्यापर्यंत बोटं आडवी लावून पाहिली. पाच. पत्र्याच्या आधी सहा असणार. आणि माझा ब्रेकर आठ. तिथंच तो मला झोपलीस का म्हणाला.

मी पडल्या पडल्या विचारलं, "बैलगाडी बांधावरनं कशी घालतात रं?"

"तिरकी."

"का?"

"एका वेळी एकच चाक चढावं म्हणून. सरळ घातली तर कणा बांधाला लागतो."

"मग?"

तो गाडीत बसला. मी उठून लुगडं झटकलं आणि बाजूला झाले. त्यानं गाडी रस्त्याच्या डाव्या काठाला नेली, तिथून तिरकी काढली. एक चाक चढलं, गाडी एका कुशीवर कलली, मग दुसरं चढलं, मग मागचं, मग शेवटचं. आवाज नाही. डोहात म्हैस उतरावी तशी ती गाडी त्या ब्रेकरवरून पलीकडं उतरली. मुलगा काच खाली करून हसला. मीही हसले असेन.

पुढच्या शनिवारी शेठ स्वतः चालवत आला. शेजारी शेठाणी, मागं दोन बॅगा आणि पाण्याचा मोठा बाटला. मुलानं फोनवर शिकवलं होतं तसं त्यानं तिरकी घातली. अगदी हळू. मी ओट्यावर उभी होते. पहिलं चाक गेलं. दुसरं गेलं. मग, टक्.

एवढाच आवाज. चिमट्यानं तवा वाजवावा तेवढा. तेल पडलं नाही, पत्र्यानं आपलं काम केलं होतं. पण शेठनं ऐकलं. त्यानं काच खाली केली नाही, मागं पाहिलं नाही, निघून गेला.

दुपारी मुलगा आला. ओट्यावर बसला. जेवलास का विचारलं, तर नाही म्हणाला आणि वाढते म्हटलं तर नको म्हणाला.

"शेठनी दलालाला फोन केला," तो म्हणाला. "पुढच्या शनवारी एकदा बगतो, म्हनाले. आवाज आला तर सोमवारी गिऱ्हाईक आनतो."

"तुझी बायको काय म्हणते?"

"गाठोडी बांधतेय."

माझी चूक मला त्याच क्षणी कळली होती, टक् झालं तेव्हाच. मी गाडी मोजली ती रिकामी. आत एकटा माझा मुलगा, आणि तो म्हणजे सोललेली शेवग्याची शेंग. शेठचं वजन मुलाच्या दुप्पट, शेठाणी आहे, बॅगा आहेत. भरली गाडी खाली बसते हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं नाही, कारण ती गाडी बघून तिच्यात कशाचं ओझं असेल असं वाटतच नाही. ती वाऱ्यानं भरल्यासारखी दिसते.

ब्रेकर फोडणं हा एक उपाय होता. पहार माझ्या घरात होती. पण जाऊ होती.

"हात लाव," ती म्हणाली, "आनि बग."

"फोडत नाय गं. उतार घालते. दोन्ही अंगांना, तिरक्या वाटेवर, चार-चार हात लांब. चाकं आधीपासनं हळूहळू चढली म्हंजे पोट लागत नाय."

"आनि डंपर? उतारावरनं भरारा जातील. मंग माजं मुंडकं उडंल, हंडा नाय."

"उतार रस्त्याच्या एकाच काठाला, आपल्या घराकडच्या. डंपर मधनं जातो. त्याला उभाच लागंल."

"उंची?"

"एक बोट कमी करनार नाय."

"मी मोजनार," ती म्हणाली.

"मोज."

"आत्ता मोजनार, आनि झाल्यावर मोजनार. तुज्या बोटांनी नाय, माज्या बोटांनी."

तिनं मोजलं. तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक, तिच्या हिशेबानं ब्रेकर नऊ बोटं भरला. त्यावर अर्धा दिवस गेला. मी तिच्या नवऱ्याच्या वहिनीच्या नात्यानं चार शब्द बोलले, ती माझ्या जावेच्या नात्यानं आठ बोलली. शेवटी मी म्हटलं, "पोरगा परत मोव्हपाड्याला जाईल गं."

पिंपं धुवायच्या दिवसांत तो तिच्याच ओसरीच्या भिंतीला टेकून झोपायचा, कारण माझी भिंत गार पडायची. तिनं ते पाहिलं होतं. ती उठली आणि रस्त्याच्या काठाला रचलेली तिची लाकडं एकेक करून आत न्यायला लागली. तिरक्या गाडीला तिथूनच जागा लागणार होती. मी ते तिला सांगितलंही नव्हतं.

सोमवारी मुलानं दोन गोणी सिमेंट आणलं. खडी रस्त्याकडेला होतीच. मी मिश्रण केलं, जावेनं पाणी घातलं, ह्या वेळी खरंच नुसतं पाणी. फळी ओढून मी उतार काढला. हात विसरलेले नव्हते, कंबर मात्र विसरली होती. उंची तिच्या बोटांनी नऊच भरली. मग वर गोणपाटं टाकली, ओली ठेवायला, आणि त्या अंगाला बाभळीचे काटे आडवे लावले. डंपरवाले शिव्या देत पलीकडून जायला लागले.

सिमेंटला सात दिवस पाणी लागतं. आमच्याकडं पाच होते.

त्या पाच दिवसांत मी बहुतेक वेळ त्या गोणपाटांजवळ बसून काढला. तासातासानं तांब्या ओतायचा. पाणी पोत्यात मुरायचं, वाफ यायची, ओल्या तागाचा वास यायचा. बाकी काही करायचं नव्हतं. शेतात वालाला फुलं होती, पांढरी आणि जांभळी. मधमाश्या होत्या. उन्हात बसलं की डोळे मिटायचे आणि रस्ता मिटलेल्या डोळ्यांतही दिसायचा, पण आताचा नाही, डांबर पडायच्या आधीचा. मातीचा, दोन चाकोऱ्यांचा, मधे गवताची पट्टी.

शुक्रवारी दुपारी अशीच बसले होते. डोळ्यांपुढं ओढ्याचा चढ आला. आता तिथं मोरी आहे, तेव्हा नुसता ओढा होता. माझं लग्न लागून आम्ही ह्या गावाला येत होतो. बैलगाडी, मी पांढऱ्या पातळात, माझ्याबरोबर सासरच्या चार बायका आणि ट्रंक. नवरा पुढं, पांढऱ्या सदऱ्यात. ओढ्यातून बैल वर चढेनात. गाडीवान म्हणाला, उतरा. सगळे उतरले. बायका उतरल्या, ट्रंक उतरली. नवरा बसून राहिला, नवरा होता म्हणून. गाडीवान त्याच्याकडं न बघता म्हणाला, तुमी पन. तो उतरला. सदरा दोन्ही हातांनी वर धरून चिखलातून चढायला लागला. तोवर मी त्याला नीट पाहिलं नव्हतं. पाठमोरा पाहिला तो तेव्हा. बारीक मान, आणि कानामागं राहिलेला साबण. रिकामी गाडी बैलांनी एका दमात वर नेली.

मी डोळे उघडले. पाणी सुकलं होतं. तांब्या ओतला.

शनिवारी पहाट उलटून गेली तरी धुकं हललं नाही. नदीवरून येतं ते, आणि शेतांत साचून राहतं. ओट्यावरून ब्रेकर दिसत नव्हता. मी गोणपाटं काढली, काटे ओढले, अंगठ्यानं उतार दाबून पाहिला. वरून टणक होता. आतून कोण जाणे.

मुलगा येऊन उभा होता, कान बांधून. जाऊ ओट्यावर चहाचं आधण ठेवून. आधी आवाज आला, मग धुक्यात दोन पिवळे डाग आले, मग लाल काहीतरी. ती गाडी चालत नव्हती. जमिनीपासून वर, धुक्यावर ठेवल्यासारखी, सावकाश मोठी होत येत होती. इतकी सुंदर दिसत होती की मला तिचा रागच आला.

मी रस्त्याच्या मधोमध गेले आणि हात वर केला. गाडी थांबली. काच खाली झाली.

"काय झालं, आजी?"

"उतरा, शेठ."

"उतरू? का?"

"तुमी दोघं उतरा. बॅगा उतरवा. पोरगा गाडी पलीकडं नेईल, मग बसा."

शेठनं शेठाणीकडं पाहिलं. मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, शेठना गाडीतनं उतरवतात का? काय करतेस?"

शेठ म्हणाला, "आजी, एवढा उतार केलाय ना? दिसतोय मला. जाईल की."

"आज जाईल, नायतर नाय जानार. मी मागच्या टायमाला रिकामी मोजली, ती माझी चूक. भरलेली मी मोजलेली नाय."

"म्हणजे दर वेळी उतरायचं?"

"शनवारी आनि रईवारी. धा पावलं हायत."

तो हातातल्या चाकाकडं बघत राहिला. इंजिन घुरघुरत होतं. मला वाटलं, आता हा गाडी मागं घेणार, वळवणार आणि ह्या धुक्यातून सरळ खालापूरला जाणार, आणि सोमवारी गिऱ्हाईक. मी हात खाली केला नाही.

ओट्यावरून जाऊ म्हणाली, "अवो शेठ, आमच्या थोरल्या दिराला लगनाच्या दिवशी उतरवलेला, बायकोच्या म्होरं. तुमचं तर लगीन होऊन लय वर्सं झाली."

शेठाणी हसली. आधी तीच उतरली. दार उघडून, इतक्या खालून उठायचं म्हणून गुडघ्यावर हात देऊन, हुश्श करत. "मला तर उतरायला बरंच वाटतंय," ती म्हणाली. "दोन तास पाय आखडलेत." आणि ती चहाच्या वासाच्या दिशेनं गेली. मग शेठ उतरला. गाडी त्याच्याखालून वर आली. मी पाहिलं. चांगली बोटभर वर आली.

मुलगा आत चाकामागं बसला. मी ब्रेकरच्या अलीकडं, गाडीच्या पुढं उभी राहिले, त्याच्याकडं तोंड करून, आणि मागं मागं चालायला लागले. उजवा हात हलवला, तो उजवीकडं आला. मूठ केली, थांबला. उघडली, निघाला. धुक्यात मला त्याच्याशिवाय काही दिसत नव्हतं आणि त्याला माझ्याशिवाय. उताराला पाय लागला तसं मला टाचेनं कळलं. चढले. वर आले. पलीकडं उतरले. पहिलं चाक चढलं. गाडी कुशीवर कलली. दुसरं. इथं मागच्या वेळी टक् झालं होतं. मी मूठ केली.

सगळं थांबलं. शेठ वाकून गाडीखाली बघत होता. चांगले बूट, चांगली विजार, आणि गुडघा रस्त्यावर.

"जागा आहे," तो म्हणाला. "आहे जागा. दोन बोटं आहे."

मी मूठ उघडली.

तिसरं चाक. चौथं. सिमेंटचा एक टवका निघाला, तेवढाच आवाज. गाडी पलीकडं उभी राहिली आणि मुलगा खोकला, एकदाच.

शेठनं हात झटकले. जावेचा चहा उभ्यानं प्याला, बशीत ओतून, शेठाणीनं दुसरा कप मागितला. मग बॅगा ठेवल्या, दोघं बसले, गाडी खाली बसली आणि धुक्यात गेली. मुलगा तिच्यामागं चालत निघाला.

मी टवका उचलून पाहिला. आतून ओला होता. त्या जागी थोडं सिमेंट लिंपलं, गोणपाट टाकलं, पाणी घातलं आणि काटे परत लावले. जाऊ येऊन म्हणाली, "उतरला की गं." मी म्हटलं, उतरला.

दीड तासानं मुलगा आला. धुकं विरळ झालं होतं, तो येताना लांबून दिसला, घाईनं येत होता पण धावत नव्हता. येऊन काठाला बसला.

"शेठनी कुंपनाकडंची जागा दाखवली," तो म्हणाला. "आंब्याची कलमं लावायचीत. वीस. पावसाळ्याआधी खड्डे खनून ठेव, म्हनाले."

"आणि दलाल?"

"त्याचं काय बोललेच नाय. कलमांचंच बोलत व्हते. कुठली लावायची ते मला विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, आईला विचारतो."

"तुझ्या बायकोला सांगितलंस का?"

"आधी तुझ्याकडं आलो."

"मला काय सांगतोस? तिला जाऊन सांग. गाठोडी सोड म्हणावं."

तो उठला आणि गेला. तो गेल्यावर मी तिथंच बसून राहिले. कलमं कुठली चांगली ते मला माहीत नव्हतं, विचारून घ्यावं लागणार होतं. शेतावरचं धुकं आता वालाच्या वेलांएवढंच उरलं होतं. खाणीकडून पहिला डंपर आला. ब्रेकरजवळ येऊन थांबला, ड्रायव्हरनं काट्यांकडं पाहून काहीतरी म्हटलं, आणि मी बाजूला झाले.